आगाऊ आभार

नवस बोलायचा आधी आणि फेडायचा नंतर, हा क्रम एलिझाबेथला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. मलिद्याचं ताट, गोड पोह्यांचं आणि फळांचं, मांडायचं ते मागणं पदरात पडल्यावर. प्रेषित एलियाहू हन्नबीने आपला शब्द पाळला, की मग माणसाने आपला पाळायचा. तिच्या भायखळ्याच्या यहुदी माहेरी हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या इतका चोख चालत आला होता, की त्यात उधारीला जागा नव्हती आणि आगाऊ भरण्याला तर नव्हतीच नव्हती. तरीही फेब्रुवारीतल्या त्या रविवारी, भरदुपारी दिवे लावावे लागलेल्या वॉटफर्डच्या आपल्या स्वयंपाकघरात, ती एका न झालेल्या कामाचे पोहे धूत होती.

काम नतालीचं होतं. एलिझाबेथची ही धाकटी लेक एका खाजगी स्कॅनिंग कंपनीच्या केंद्रात रेडिओग्राफर होती. हुद्द्याने ‘लीड’, म्हणजे इतरांच्या चुका निस्तरणारी. तिच्याच हाताखाली तयार झालेली रोझी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली आणि स्वभावाने खरोखर चांगली मुलगी, एकदा चहा पिताना आपल्या पगाराचा आकडा सहज बोलून गेली. तो नतालीच्या आकड्याहून बराच मोठा होता. मग नतालीने मार्व्हाला विचारलं. मार्व्हाचे आईवडील त्रिनिदादचे. ती स्वतः केंद्र उघडलं त्या दिवसापासून तिथे होती. तिचा आकडा नतालीहूनही लहान निघाला. सर्वांत जुनी सर्वांत खाली, सर्वांत नवी सर्वांत वर, मधल्या पायरीवर नताली: कातडी जशी उजळत जाई तसा पगार चढत जाई. कंपनीच्या मते हा योगायोग होता. कंपन्यांची योगायोगावरची श्रद्धा भाविकांना लाजवील अशी असते.

दोघींनी मिळून न्यायाधिकरणात दावा लावला. कंपनीने उत्तर दिलं की पगार बाजारभावाने ठरतात. शिवाय रोझीने जास्त मागितला होता, नतालीने मागितला नव्हता. यातलं दुसरं वाक्य खरं होतं. मुलाखतीला निघण्यापूर्वी नतालीने आईला फोन करून विचारलं होतं, किती मागू? आणि एलिझाबेथ म्हणाली होती, “मागू बिगू नकोस. देतील ते घे, आधी आत शीर. काम बघून आपोआप वाढवतात.” घरात हे सर्वांना ठाऊक होतं, म्हणूनच त्याविषयी कुणी बोलत नसे.

आता कंपनीने एकट्या नतालीपुढे तडजोड ठेवली होती. रक्कम घे, नोकरी सोड, गप्प राहा. आणि गप्प राहण्यात मार्व्हासाठी आपणहून साक्ष न देणंही आलं. उत्तराची मुदत सोमवारपर्यंत होती. नतालीने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तिची झोप उडाली होती, केस मुठीमुठीने गळत होते. एलिझाबेथने हन्नबीकडे मागितलं, हे एकदाचं मिटू दे. पण हन्नबीची वाट पाहणं तिला सोसेना. गुरुवारी संध्याकाळी तिने प्रार्थनागृहाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहून टाकलं: ‘आमच्या नतालीचं काम एलियाहूच्या कृपेने झालं. रविवारी दुपारी मलिदा. सर्वांनी यावे.’ कंपनीला नकार देऊ शकणारी मुलगी घरभर पाहुण्यांना आणि एका प्रेषिताला नकार देऊ शकणार नाही, असा तिचा हिशेब होता.

“खोबरं अजून दगडच आहे हो आई,” सुनीती म्हणाली. गोठलेल्या खोबऱ्याची लादी ती सुरीच्या मुठीने फोडत होती. एलिझाबेथच्या थोरल्या मुलाची, ऍडमची, ही बायको मूळ पुणेकरांची, बर्मिंगहॅममध्ये वाढलेली. लग्नानंतर या घरातल्या हिब्रू प्रार्थना घरच्यांहून शुद्ध म्हणायला शिकलेली. बर्मिंगहॅमजवळच्या एका मोठ्या संस्थेत ती एचआरची प्रमुख होती, आणि म्हणूनच एलिझाबेथने तिला आपल्या बाजूची धरली होती.

“मायक्रोवेव्हमध्ये घाल थोडं. आणि हे बघ, नताली आली की तू बोल तिच्याशी. तुझं हेच तर काम.”

“काय बोलू?”

“की ऑफर चांगली आहे म्हणून.”

“चांगलीच आहे. मी त्यांच्या जागी असते तर हीच दिली असती.” सुनीतीने लादीचा एक तुकडा वाडग्यात टाकला. “दोघी एकत्र असल्या की केस भक्कम. मग एकीला अलगद बाजूला काढायचं. कुणाला? जिला तिच्या घरचेच समजावतील, तिला.”

एलिझाबेथचे हात पोह्यांत थांबले. “म्हणजे त्यांनी आमचा विचार केला म्हणतेस?”

“तुमचं नाव नसेल ठाऊक त्यांना. पण तुम्ही आहात, एवढं त्यांना पक्कं माहीत असतं.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस गं?”

“मला पगार मिळतो त्यांच्या बाजूची, आई. सोमवार ते शुक्रवार. आज रविवार आहे.”

तेवढ्यात ऍडम आत आला, ओला कोट खुर्चीवर टाकत. “पार्किंगचं पार वाटोळं झालंय. मोझेसकाका गाडीतच बसलेत. म्हणतात, पाय आखडलेत, कुणीतरी बाहेर ओढा.”

“मग ओढ ना! वर्षानुवर्षं भुयारी रेल्वेत तिकिटं तपासली त्यांनी, आता स्वतःच अडकलेत.”

“ओढतो. आधी चहा.” त्याने बायकोकडे पाहिलं. “काय चाललंय? चेहरे असे का?”

“तुझी बायको उलटली,” एलिझाबेथ म्हणाली.

“सुनीती, प्लीज. आज नको. नॅटला पैसे मिळतायत, सुटका मिळतेय. ट्रिब्युनलमध्ये दोन वर्षं जातात, आणि नंतर त्या लाइनमध्ये कोण घेईल तिला? सगळे सगळ्यांना ओळखतात.”

“आणि मार्व्हा?”

“मार्व्हाचं वेगळं आहे.”

“कसं वेगळं?”

ऍडमने किटलीचं बटण दाबलं. “आय मीन, त्यांची हिस्टरी वेगळी. ते लोक भांडतात. त्यांना सवय असते. आपण तसे नाही.”

“आपण कसे?”

“आपण काम करतो.”

“आणि ती काय करते? स्कॅनरमध्ये आडवी होऊन झोपा काढते?”

एलिझाबेथला हसू आलं आणि तिने ते पोह्यांवर साखर पेरण्यात लपवलं. ऍडम मात्र चिडला. “आईकडे बघ ना. हॉस्पिटलात उभा जन्म काढला. कधी कुणाच्या टेबलावर हात आपटला? तरी हे घर झालं, आम्ही दोघं शिकलो. काय वाईट झालं तिचं?”

“मी इथेच उभी आहे,” एलिझाबेथ म्हणाली. “मेलेल्या माणसाविषयी बोलतात तसं बोलू नकोस. जा, काकांना आण.”

तो गेला. सुनीतीने केळी सोलायला घेतली, मग तिच्या लक्षात आलं की ताटात ती अख्खीच मांडायची, आणि सोललेलं केळं तिने स्वतःच खाऊन टाकलं. “कायदा बाई आणि पुरुष यांतला पगाराचा फरक बरोब्बर मोजतो, आई,” ती केळं चावत म्हणाली. “बाई आणि बाई यांतला मोजायचा म्हटला, तर कारण रंगच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. एकटीला कुणी मानत नाही, म्हणतात स्वभाव असेल, कामात कमी असेल. दोघी असल्या तर पॅटर्न दिसतो. म्हणून तर एकीला विकत घेतात. आमच्याकडे त्याला ‘रिझॉल्व्ह करणं’ म्हणतात.”

“तू केलंयस असं?”

“मला बढती कशाबद्दल मिळाली वाटतं तुम्हाला?”

एलिझाबेथने खलबत्ता पुढे ओढला. तिने वेलची कुटली, गरजेहून जास्त वेळ.

एला आली ती थेट स्टेशनवरून, पाठीवर पिशवी, डोक्यावर लोकरी टोपी. ऍडम आणि सुनीतीची ही मुलगी एडिनबराला समाजशास्त्र शिकत होती आणि मराठी फक्त आजीशी बोलत होती, कारण आजीने इंग्रजीत उत्तर देणं बंद केलं होतं.

“आजी, मी तुझी मेसेज वाचली. आत्याने येस म्हटला?”

“म्हणेल.”

“म्हणजे नाही म्हटला.” तिने पिशवी खाली टाकली. “मग थँक्यू कशाचा? हे तर रिटर्न गिफ्ट आधी आणि बर्थडे नंतर, असा झाला.”

“तू प्रेषिताला शिकवू नकोस. बागेतून रोझमेरीच्या चार काड्या आण. सुवासाची बेराखा त्याच्यावर म्हणायची आहे.”

“मुंबईत पण रोझमेरी होता?”

“मुंबईत सब्जा होता. इथे जे उगवतं त्याचा वास घ्यायचा. जा.”

एला दारापर्यंत जाऊन थांबली. “तुला वाटतो का, आत्या चूक आहे म्हणून?”

“मला वाटतं ती दमली आहे.”

“तो माझा क्वेश्चन नव्हता,” एला म्हणाली आणि पावसात गेली.

नताली सर्वांत शेवटी आली. बैठकीच्या खोलीत तोवर प्रार्थनागृहातली मंडळी कोटांसकट दाटीवाटीने बसली होती. मोझेसकाका मोठ्या खुर्चीत स्थिरावून डोक्यावरची टोपी चाचपत होते. नतालीने संत्र्यांची जाळी आईच्या हातात दिली. तिची हनुवटी टोकदार झाली होती. दारातून आत येईपर्यंत चारपाच जणांनी तिला मिठी मारून अभिनंदनाचं “मझल टॉव” म्हटलं होतं, आणि प्रत्येकाला तिने “थँक यू” म्हटलं होतं, दुकानातल्या मुली म्हणतात तसं.

“थांब जरा,” एलिझाबेथ स्वयंपाकघराच्या दाराशी तिचा दंड धरून कुजबुजली. “रागावलीस?”

“पोहे छान भिजलेत,” नताली म्हणाली.

“मी तुझ्या भल्यासाठीच—”

“माहीत आहे, आई. तू नेहमी माझ्या भल्यासाठीच. आधी पाहुण्यांचं बघ.”

ताट मांडलं गेलं: मधोमध पोह्यांचा ढीग, खोबरं, बदाम, पिस्ते, कडेने खजूर, अंजीर, सफरचंदं, केळी, नतालीची संत्री, ढिगाच्या माथ्यावर पावसाने भिजलेली रोझमेरी. मोझेसकाकांनी प्रार्थना सुरू केली आणि खोलीतली कुजबुज थांबली. आवाज थरथरत होता, पण चाल चुकत नव्हती. फळांवरच्या बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, म्हणून झाल्या, रोझमेरीची काडी नाकानाकाला लावत फिरली. नतालीने ती हुंगली आणि सुनीतीकडे दिली, तिच्याकडे न पाहता.

वाटपापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्याने चार शब्द बोलायचे, ही या घराण्याची रीत. मोझेसकाकांना चार शब्द कधीच पुरले नव्हते.

“आज या घरात आनंद आहे,” ते म्हणाले. “आमच्या नतालीवर संकट होतं, ते हन्नबीने दूर केलं. पण मी म्हणतो, हे पुण्य कुणाचं? तिच्या आईचं. एलिझाबेथ या देशात आली तेव्हा एकोणीस वर्षांची पोर. रात्रपाळ्या केल्या, लोकांची घाण काढली. माझा भाऊ सॅम्युएल हिला मागे टाकून लवकर गेला, तरी ही डगमगली नाही. आणि एक सांगतो. आपल्याला किती मिळतं आणि शेजारणीला किती, हा प्रश्न हिने आयुष्यात कुणाला विचारला नाही. कुणाच्या ताटात डोकावली नाही. म्हणून देवाने हिच्या ताटात वाढलं. आजच्या मुलींनी हे शिकावं.”

“आमेन,” कुणीतरी म्हणालं. सगळ्या माना एलिझाबेथकडे वळल्या. कौतुकाने.

सत्तरीच्या उंबरठ्यावर ज्या वयात माणसाला स्तुती गोड लागावी, त्या वयात एलिझाबेथ ती ऐकत होती आणि मनातल्या मनात तपासून पाहत होती. विचारलं नव्हतं, हे खरं. हॉस्पिटलने तिला नर्सिंगच्या दोन वर्षांच्या वर्गात बसवलं होतं; तीन वर्षांचाही एक वर्ग असतो, आणि वर चढायचा जिना फक्त त्याच वर्गातून निघतो, हे तिला भरतीच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांच्या वर्गात केरळच्या मुली होत्या, जमैकाच्या होत्या, मलायाच्या होत्या. तीन वर्षांच्या वर्गातल्या मुली हिवाळ्यातही उन्हात लाल झाल्यासारख्या दिसत. एलिझाबेथ त्यांना शीर शोधायला शिकवी, मेलेल्या माणसाचे डोळे कसे मिटावे ते शिकवी. मग त्या तिच्या वरच्या होत आणि तिला नाव घेऊन हाक मारत. त्यांना किती मिळतं हे तिने विचारलं नव्हतं, कारण तिला ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट विचारली की ती ऐकावी लागते, आणि ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जावं लागतं. मोझेसभाऊजींच्या भाषणात ज्याला पुण्य म्हटलं होतं ते निव्वळ भय होतं. ते तिने जपून ठेवलं, आणि नताली मुलाखतीला निघाली तेव्हा सल्ला म्हणून तिच्या ओटीत घातलं.

आणि नताली समोर बसली होती, गुडघ्यांवर हात, आईचं पुण्य ऐकत.

“आता एलिझाबेथ बोलेल,” भाऊजी म्हणाले. नवस बोलणाऱ्याने काय मागितलं आणि काय मिळालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याशिवाय ताटाला हात लागत नसे.

एलिझाबेथ उभी राहिली. “मी मागितलं होतं,” ती म्हणाली, “की हे मिटू दे.”

“आमेन.”

“थांबा. मिटलेलं नाही.” खोलीतल्या कोटांची सळसळ थांबली. “नतालीने हो म्हटलेलं नाही. मी खोटं लिहिलं. तुम्ही सगळे जमलात की तिला नाही म्हणता येणार नाही, म्हणून लिहिलं.”

“आई,” ऍडम खालच्या आवाजात म्हणाला, “व्हॉट आर यू डूइंग?”

“बोलू दे मला. भाऊजी म्हणाले, मी कुणाच्या ताटात डोकावले नाही. मी डोकावले होते. रोज. फक्त बोलले नाही. तसंच नतालीला शिकवलं, आणि आता कंपनी म्हणते, हिने मागितलंच नाही. माझंच वाक्य ते तिच्या तोंडावर मारतायत.” ती ताटाकडे वळली. “तेव्हा आज आभार नाहीत. आज मागणं आहे. माझ्या मुलीला आणि त्या मार्व्हाला, दोघींना त्यांच्या कामाचं मोल मिळू दे. नतालीने उद्या सही करू नये. जिथे जाऊन बसायचं तिथे मी तिच्याबरोबर जाऊन बसेन.”

मोझेसकाकांचा चेहरा आक्रसला. “एलिझाबेथ, ताट मांडलंय. आशीर्वाद म्हणून झालेत. हन्नबीपुढे मानलेले आभार परत घेता येत नाहीत. हे काय दुकान आहे?”

“मी खोटं बोलले होते, भाऊजी. खोटं परत घेता येतं.”

“लोकांना बोलावून—”

“लोकांना खायला मिळेल. तुमच्याकडे मलिदा मागण्याचाही असतो. तुमच्या आईने तुमच्या व्हिसासाठी केला होता, तेव्हा व्हिसा आला होता का?”

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. सुनीती उठली आणि काही न बोलता सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ऍडमने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती एखाद्या सभेत चुकीच्या बाजूला हात वर करत होती. “गो, आजी!” एला म्हणाली. एलिझाबेथला या सगळ्यांत फक्त एक चेहरा हवा होता. तिने तो शोधला.

नताली रडत नव्हती. ती आईकडे पाहत होती, स्कॅनरच्या काचेमागून रुग्णाकडे पाहावं तशी: लक्ष देऊन, दुरून.

“आई, बस खाली,” ती म्हणाली. “मी शुक्रवारी सही केली.”

बाहेर एक गाडी पाणी उडवत गेली.

“शुक्रवारी?” एलिझाबेथ म्हणाली. “पण मुदत तर सोमवारची—”

“गुरुवारी संध्याकाळी मी मार्व्हाकडे होते. तिच्या किचनमध्ये. आम्ही दोघी मिळून साक्षीची तयारी करत होतो. मी ठरवलं होतं, आई. मी नाही म्हणणार होते.” तिचा आवाज सपाट होता. “तेवढ्यात फोन वाजायला लागला. मझल टॉव, मझल टॉव. थांबेचना. मार्व्हाने विचारलं, तुझा वाढदिवस आहे का? मी म्हटलं, हो. तिने कपाटातून केकचा तुकडा काढला, त्यावर मेणबत्ती लावली.”

मागच्या रांगेतल्या कुणीतरी हातातला फोन खिशात टाकला.

“मी ती मेणबत्ती विझवली. आणि घरी जाताना मनात आलं, माझ्या घरात एक माणूस जरी माझ्या बाजूचं असतं, तर मी लढले असते. सकाळी सॉलिसिटरकडे गेले.”

“मी होते गं,” एलिझाबेथ म्हणाली.

“कधीपासून?”

या प्रश्नाचं खरं उत्तर घड्याळात मोजता आलं असतं, आणि म्हणूनच ते देण्यासारखं नव्हतं. एलिझाबेथ खाली बसली. सुनीती उभीच राहिली, आता कशासाठी ते न कळून. एला “नो,” म्हणाली, मग पुन्हा “नो”. मग तिने टोपी कपाळावर ओढली.

सर्वांत आधी सावरले मोझेसकाका. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं. तिकीट हरवलेल्या प्रवाशाच्या खिशात अखेर तिकीट सापडावं तसं. “म्हणजे काम झालंय!” ते म्हणाले. “शुक्रवारीच झालंय. मग आभार खोटे कुठे? उलट, बघा, एलिझाबेथच्या तोंडून हन्नबीने आधीच वदवलं. मलिदा योग्यच झाला.”

“आमेन,” खोली म्हणाली, सुटकेने, एका आवाजात. त्या आवाजात ऍडमचाही आवाज होता. जी गोष्ट गुरुवारी खोटी होती ती शुक्रवारी खरी झाली होती, आणि ती खरी करण्यासाठी कंपनीला बोटही हलवावं लागलं नव्हतं. जगातल्या सर्व कंपन्यांनी मिळून शोधली तरी इतकी स्वस्त मनुष्यबळ-व्यवस्था त्यांना सापडली नसती.

वाटप एलिझाबेथनेच केलं, करावंच लागलं. प्रत्येक बशीत मुठीएवढे पोहे, प्रत्येक फळाची एक फोड, खजूर. मलिद्यात कुणाला जास्त, कुणाला कमी चालत नाही. पाहुणा असो, घरचा असो, म्हातारा असो की तान्हं पोर, वाटा सारखा. लहानपणापासून तिचा हात त्या मापाला बसला होता, आणि आज तो एकदाही चुकला नाही. एलाने बशी घेतली आणि न खाता खिडकीत ठेवली. ऍडमने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हटलं. नतालीने मान हलवली. कोट चढले, छत्र्या शोधल्या गेल्या, दारात पुन्हा एकदा मझल टॉव झालं.

सगळे गेल्यावर नताली स्वयंपाकघरात आली. एलिझाबेथ ओट्याशी उभी राहून उरलेला मलिदा एका डब्यात भरत होती. दर सणाला ती असा डबा भरायची आणि नताली तो सोमवारी कामावर न्यायची. मार्व्हाला खोबरं आवडे. ती रिकामा डबा परत पाठवताना त्यात नेहमी काहीतरी घाले, कधी आल्याचा केक, कधी नुसती दोन संत्री. आज डबा अर्धा भरल्यावर एलिझाबेथच्या ध्यानात आलं की आता कामावर जायचा सोमवार नव्हता. ती थांबली, पण रिकामा करण्याचं धाडस तिला होईना.

“तिला सांगितलंस का?” तिने विचारलं.

“नाही. वकील कळवतील.”

“घरी नेऊन दे तिला. मी येते हवं तर तुझ्याबरोबर.”

“आणि ती विचारेल, हे कशाचं आहे? काय सांगू?”

“काही सांगू नकोस,” एलिझाबेथ म्हणाली. “नुसता डबा दे. काहीच बोलू नकोस.”

नतालीने आईच्या हातातून झाकण घेतलं आणि डब्यावर दाबून बसवलं, चारही कोपरे, एकेक करून.

“तेच तर लिहून दिलंय मी,” ती म्हणाली.